सोलरच्या प्लेटा, घराची गच्ची आणि नगरपरिषदेचा दाखला



गेल्या वर्षभरात आमच्याकडे कागदपत्रांच्या कामासाठी जी मंडळी येतात, त्यांच्यात एक नवा प्रश्न सुरू झाला आहे. पूर्वी रेशनकार्ड, जातीचा दाखला, निराधारांचे पेन्शन, घरकुलाचा अडकलेला हप्ता एवढ्यातच आमचा रविवार संपत असे. आता माणूस चिखलीचा असो की नांदुऱ्याचा, चहा यायच्या आधीच विचारतो, "भाऊ, घरावर सोलरच्या प्लेटा बसवाच्या हायेत. नगरपरिषदेची परवानगी काढा लागते म्हंतेत. किती पैसे लागतीन?"

या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर असे की, सिमेंटच्या स्लॅबच्या गच्चीवर, नियमात सांगितलेल्या उंचीच्या आत प्लेटा बसवायच्या असतील तर बांधकाम परवानगी लागत नाही. दुसऱ्याचे उत्तर त्यातूनच निघते. जी परवानगी लागतच नाही, तिचे पैसेही लागत नाहीत. हे उत्तर इतके सोपे आहे की ऐकणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही. सरकारी दारात काही फुकट आहे म्हटले की आपल्या माणसाला संशय येतो, आणि तो संशय अनुभवातून आलेला असल्याने आम्ही त्याला दोष देत नाही. म्हणूनच आज नियम काय आहे आणि तो कुठवर पुरतो, हे जरा सविस्तर मांडतो.

आपल्या राज्यात बांधकाम परवानग्यांचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. या कायद्यात 'विकास' या शब्दाचा अर्थ फार रुंद केलेला आहे. जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर काही बांधणे, इमारतीत महत्त्वाचा बदल करणे, हा सगळा 'विकास' होय. आणि असा विकास करण्याआधी नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे आपल्या भाषेत नगरपरिषदेची किंवा नगरपंचायतीची, परवानगी घ्यावी असे कलम ४३ व ४४ मध्ये सांगितले आहे. एवढ्या रुंद व्याख्येत कोणी बसवायचेच ठरवले, तर खिडकीला लोखंडी जाळी लावणेसुद्धा बसेल! म्हणून कोणकोणत्या कामांना परवानगी नको, याची यादी नियमात वेगळी द्यावी लागते.

राज्य शासनाने २ डिसेंबर २०२० रोजी 'एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली' मंजूर केली. मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू आहे. बुलडाणा, खामगाव, मलकापूर, शेगाव, मेहकर, जळगाव जामोद अशा आपल्या सर्व नगरपरिषदांना आणि मोताळा, संग्रामपूर या नगरपंचायतींनाही तीच लागू. तिच्या दुसऱ्या प्रकरणात परवानगीची गरज नसलेल्या कामांची यादी आहे. त्या यादीत खिडकीच्या जाळ्या आहेत, आतील हलकी विभाजने आहेत, आणि सौर पाट्याही आहेत. अटी दोनच. पाट्यांचा पाया गच्चीपासून १.८ मीटरपर्यंतच्या उंचीवर असावा, आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची खात्री करून घ्यावी.

त्याच नियमावलीत ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना सौर पाणीतापक किंवा सौर वीजसंच बसवण्याची सक्ती आहे. म्हणजे मोठ्यांना सक्ती आणि लहानांना सूट, असा हा मामला. तो आम्हास योग्य वाटतो.

आता ही १.८ मीटरची अट नीट समजून घ्या, कारण फसवणूक आणि भांडण दोन्ही इथेच होतात. १.८ मीटर म्हणजे सहा फुटांना अगदी थोडे कमी. गच्चीच्या फरशीला टेकून दोन फुटांचा सांगाडा केला, चार फुटांचा केला, तरी तो सवलतीत बसतो. पण आपल्याकडे गच्ची ही रिकामी जागा नसते. घाटाखालच्या गावांत उन्हाळ्याच्या रात्री अर्धे गाव गच्चीवर झोपते. चैत्र-वैशाखात तिथेच कुरडया, पापड, शेवया आणि सांडगे वाळत असतात, आणि डाळींना ऊन देण्याचे कामही तिथेच होते. म्हणून प्लेटांचा विषय निघाला की घरातल्या बायका पहिला प्रश्न विचारतात तो विजेचा नसतो. "मंग वाळवण कुठं घालाचं?" असा असतो. आणि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका किलोवॅटच्या संचाला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. तीन किलोवॅट म्हणजे तीनशे चौरस फूट. लहान घराची गच्ची तिथेच संपली.

यावर बसवणारे लोक तोडगा सांगतात, "ताई, आठ-दहा फूट उंच स्ट्रक्चर करून देतो, खालून आरामात फिरा." हा तोडगा वाईट नाही, पण त्याला दोन बाजू आहेत. एक म्हणजे सांगाड्याचे लोखंड वाढते, खर्च वाढतो, आणि उंच उभ्या केलेल्या प्लेटांना वारा खालून उचलतो. मे महिन्याच्या वळवाच्या वादळात पत्रे कसे उडतात हे आपण दरवर्षी पाहतो. प्लेट म्हणजे पंचवीस किलोच्या आसपासचे काचेचे दार. ते उडून शेजारच्या अंगणात पडले तर काय होईल याचा विचार करावा. दुसरी बाजू कायद्याची. १.८ मीटरच्या वर गेलात की परवानगीतून मिळालेली ही सूट तुम्हाला सांगता येत नाही. मग रीतसर नकाशा, अर्ज, फी, सगळे आले. आणि काही हुशार मंडळी त्या उंच सांगाड्याच्या तीन बाजू पत्र्याने बंद करून, खाली पलंग टाकून, वर एक खोली काढतात. ती सोलर राहत नाही, ती खोली होते. आणि विनापरवाना बांधकामासाठी कलम ५३ ची नोटीस आली तर "आम्ही तर सोलर बसवलं" हे उत्तर चालत नाही. शेजाऱ्याशी बोलाचाली असेल तर तक्रार त्याच्याकडूनच जाते, नगरपरिषदेला शोधत यावे लागत नाही.

प्लेटा दक्षिणेकडे उतरत्या बसवतात. त्यामुळे पुढची कड खाली आणि मागची वर असते. उंची कोणत्या कडेची मोजायची असा वाद घालत बसण्यापेक्षा मागची कडसुद्धा सहा फुटांच्या आत ठेवावी, असे आम्ही सर्वांना सांगतो. आणि वाळवणासाठी म्हणाल, तर पुढच्या बाजूला चार-पाच फुटांची पट्टी मोकळी सोडून घ्यावी. ती तशीही प्लेटा धुण्यासाठी लागतेच.

जाता जाता बाहेरच्या देशाचे सांगतो. इंग्लंडमध्ये घरांवरील सौर पाट्यांना अशी सूट २००८ सालापासून आहे. तिथे उतरत्या छपरापासून पाटी २० सेंटीमीटरच्या वर उचलता येत नाही, आणि सपाट छपरांसाठी २०२३ मध्ये जी सूट दिली तिच्यात मर्यादा ६० सेंटीमीटरची आहे. आपली १.८ मीटर त्या मानाने सढळ आहे. तिथे छपरावर कोणी झोपत नाही, हे कारण असावे. पण तिथेही जुन्या, ऐतिहासिक इमारतींना वेगळा नियम आहे, आणि तो आपल्यालाही आहे. लोणारला दैत्यसूदन मंदिरासारखी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्थळे वस्तीतच आहेत. अशा स्थळापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण, अशी तरतूद पुरातत्त्व कायद्यात २०१० सालापासून आहे. नगररचनेच्या नियमातली सूट त्या कायद्याला ओलांडू शकत नाही. तिथल्या वाचकांनी, आणि सिंदखेड राजा येथे राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनीही, संबंधित पुरातत्त्व कार्यालयात आधी लेखी विचारून घ्यावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. नियमात शब्द आहे तो 'गच्ची'. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे स्लॅबचे घर होते. आपल्या किती वस्त्यांत स्लॅब आहे? घाटावरच्या जुन्या भागांत अजून धाब्याची घरे आहेत, मातीच्या भिंती, लाकडी सरे आणि वर पांढऱ्या मातीचा थर. भीमनगर, मिलिंदनगर, सिद्धार्थनगर अशा नावांच्या वस्त्या आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत, आणि तिथे विटांच्या भिंतींवर पत्रे ही सर्वसाधारण स्थिती आहे. रमाई आवासची किंवा पंतप्रधान आवासची घरकुलेसुद्धा पैसा कमी पडला की स्लॅबऐवजी पत्र्यावर थांबतात. पत्र्याच्या छपरावर प्लेटा बसतात, बसवलेल्या आम्ही पाहिल्याही आहेत. वीज कंपनीचा त्याला विरोध नाही. पण खालचे लोखंडी अँगल जाड हवेत, भिंतीत घट्ट हवेत, आणि पत्रा जुना गंजका नको. परवानगीच्या बाबतीत मात्र १.८ मीटरचा नियम गच्चीच्या भाषेत लिहिलेला असल्याने, पत्र्यावर बसवणाऱ्याने नगरपरिषदेला लेखी विचारून उत्तर घ्यावे हे बरे. धाब्यावर तर बसवूच नये. तिथे परवानगीचा प्रश्न नाही, तुमच्या लेकरांच्या डोक्याचा प्रश्न आहे.

म्हणून दुसरी अट, म्हणजे इंजिनिअरच्या खात्रीची, ती उगाच घातलेला अडथळा आहे असे समजू नका. काही लोक म्हणतात, परवानगी काढून टाकली आणि मागच्या दाराने इंजिनिअर आणून बसवला. आम्हास तसे वाटत नाही. नगरपरिषदेचा शिक्का घर उभे ठेवत नाही, घर उभे राहते ते त्याच्या कॉलममुळे आणि बीममुळे. ज्याला घर पाहून, कुठे भार द्यावा आणि किती द्यावा हे सांगता येते, त्याला चार पैसे देणे आणि नसलेल्या परवानगीसाठी मध्यस्थाला पैसे देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्यांचे घरकुल आता बांधले जात आहे त्यांनी तर मिस्त्रीला आत्ताच सांगून ठेवावे की स्लॅब घालायचा आहे, आणि पुढे प्लेटांचे पाय कॉलमच्या माथ्यावर येतील असे चार चबुतरे काढून ठेव. नंतर स्लॅबला भोके पाडली की पावसाळ्यात गळती सुरू होते.

मध्यस्थाचा विषय निघाला म्हणून एक उदाहरण. घाटाखालच्या एका गावी आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत, अंगणवाडीत सेविका. नवरा वारलेला, दोन मुली शिकत आहेत. सोलर बसवून देणाऱ्याच्या माणसाने त्यांना सांगितले की नगरपरिषदेच्या 'एनओसी'चे सहा हजार वेगळे द्यावे लागतील. ताईंनी पैसे जमवलेही होते. त्यांनी निरोप पाठवला, "दादा, देऊ काय?" आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, पैसे देते वेळी पावती मागा. नगरपरिषदेत जी फी भरली जाते तिची पावती निघते, पावती निघते कारण जमेच्या बाजूला त्या रकमेचे शीर्ष असते. ज्या रकमेला शीर्षच नाही ती जमाखर्चात कुठे बसणार? ताईंनी पावती मागितली. तो गृहस्थ "साहेबांना विचारून सांगतो" म्हणून गेला आणि एनओसीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, संपली असती तर आम्हास आनंद झाला असता. परवानगीची अडचण नव्हतीच. खरी अडचण पुढे निघाली. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर. सासरे वारून बरीच वर्षे झाली. घराच्या नोंदीलाही त्यांचेच नाव. वारसांत दोन दीर, त्यांतले एक सुरतेला कामाला. अर्ज करणाऱ्याच्या नावाने वीजजोडणी हवी आणि छत स्वतःच्या हक्काचे हवे, हे तर साधे आहे. आता धाकट्या दिराने संमतीपत्रावर सही केली आहे, थोरल्याची राहिली आहे. तो म्हणतो, सही दिली की घरावरचा हक्क गेला. त्याचीही भीती खोटी म्हणता येत नाही, कारण आपल्या कितीतरी घरांत हिस्सा लिहून ठेवायची पद्धतच नाही. ताईंची सहा हजारांची बचत झाली, प्लेटा मात्र अजून आलेल्या नाहीत.

नगरपरिषदेतल्या टेबलावरच्या माणसाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आम्ही स्वतः कारकुनीत आयुष्य घालवत आहोत, म्हणून सांगतो, बाबू कागद मागतो तो दरवेळी चिरीमिरीसाठीच असतो असे नव्हे. फायलीत कागद जास्त झाला तर त्याला कोणी विचारत नाही. कमी पडला तर ऑडिटला उत्तर त्यालाच द्यावे लागते. परवानगी 'नको' असे लिहिलेला नियम त्याच्या हाताखाली नसतो, आणि 'हवी' म्हणण्यात त्याला धोका नसतो. तेव्हा त्याच्याशी भांडू नका. नम्रपणे म्हणा, "साहेब, कोणत्या नियमाखाली हवी तेवढे लेखी द्या." लेखी द्यायचे म्हटले की त्यालाही नियम वाचावा लागतो. तरीही उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांची फी, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर.

खेड्यांतील वाचकांसाठी सांगावयाचे म्हणजे, गावठाणातील घराचा संबंध ग्रामपंचायतीशी येतो. तिथेही बसवण्यापूर्वी ग्रामसेवकांना, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, एक साधे पत्र देऊन पोच घ्यावी. गावात खरा प्रश्न नमुना आठला नाव आहे की नाही हा असतो. ते नाव नसेल तर आधी तिकडे लक्ष द्या.

नगरपरिषदेचे दार असे मोकळे झाले, तरी विजेचे दार वेगळे असते. तिथेही एक सूट मिळाली आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नाही. पूर्वी संच बसवण्याआधी वीज कंपनी तांत्रिक तपासणी करीत असे, तुमच्या डीपीवर तेवढा भार झेपेल की नाही वगैरे, आणि अर्ज त्यात अडकून पडत. केंद्र सरकारने वीजग्राहकांच्या हक्कांचे २०२० चे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्त केले. आता १० किलोवॅटपर्यंतच्या संचाला ही तपासणी नाही. परिपूर्ण अर्ज केला की तो मान्य झाला असे समजायचे, आणि मंजूर भार वाढवावा लागत असेल तर तो कंपनीनेच वाढवून द्यायचा. आपल्या घरांना एक ते तीन किलोवॅट पुरते. म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळेच या सुटीत येतात. तेव्हा "डीपीवर जागा नाही" असे कोणी तोंडी सांगितले तर तेही लेखी मागावे.

पैशाचे गणित आता थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली, ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आखलेली आहे. एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान. त्यावर राज्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना काढली. ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी आणि महिन्याला शंभर युनिटच्या आत वीज वापरणाऱ्यांसाठी आहे. तिच्यात एका किलोवॅटच्या संचाला केंद्राचे ३०,००० धरून राज्य वरची भर घालते. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला स्वतःचे २,५०० रुपये, शंभर युनिटच्या आतील अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला ५,००० आणि इतरांना १०,००० भरायचे आहेत. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना १९९० सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातीत धरले जाऊ लागले, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण हातात जातीचा दाखला नसेल तर ५,००० च्या रांगेतून तुम्ही १०,००० च्या रांगेत जाल. योजनेत संख्या ठरलेली असते, त्यामुळे पैसे भरण्याआधी महावितरणच्या उपविभाग कार्यालयात सद्यःस्थिती विचारावी. अनुदान अर्जदाराच्या बँक खात्यात येते, बसवणारा नोंदणीकृत हवा, आणि त्याने पाच वर्षे देखभाल करायची असते, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे.

एका किलोवॅटपासून महिन्याला सुमारे शंभर ते एकशेवीस युनिट वीज मिळते. 'शून्य बिल' अशी जाहिरात असली तरी स्थिर आकार भरावाच लागतो. आणखी एक गैरसमज फार आहे. लोकांना वाटते की गावात लाइन गेली तरी आपले दिवे चालतील. बॅटरी नसलेला संच लाइन गेली की आपोआप बंद पडतो, भर उन्हातही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ती सोय केलेली असते. तेव्हा लोडशेडिंगवर उपाय म्हणून कोणी हे विकत असेल तर सावध राहावे.

वीज हा विषय आपल्या चळवळीला परका नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते, आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडेच होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर विजेच्या धोरणाची जी समिती बसली तिचे ते अध्यक्ष. वीज मुबलक हवी आणि स्वस्त हवी, त्याशिवाय देशातील दारिद्र्य हटवणारे उद्योग उभे राहणार नाहीत, हा विचार त्यांनी त्या समितीपुढे मांडला. आपण एप्रिलमध्ये जयंतीला रोषणाई करतो, मिरवणुकीला जनरेटर लावतो, पण बाबासाहेबांचे विजेवरचे हे काम किती व्याख्यानांत येते? येत्या जयंतीला एखाद्या मंडळाने त्यावर अभियंता असलेल्या आपल्याच तरुणाला बोलवावे.

विहारांबद्दल काही वाचकांनी विचारले आहे. परवानगीच्या सुटीत घर आणि विहार असा भेद आम्हास आढळला नाही. उंचीची आणि मजबुतीची अट दोघांना सारखीच. विहाराला घुमट किंवा कळस असेल तर त्याची सावली कुठे पडते ते आधी पाहावे, कारण एका प्लेटेवर सावली पडली तरी जोडलेल्या इतर प्लेटांची वीजही घटू शकते. प्रार्थनास्थळांच्या जोडणीला घरगुती दर असतो, पण सभागृह लग्नासाठी भाड्याने देत असाल तर त्या भागाचा दर वेगळा लागतो, तेव्हा बिलावरचा प्रकार तपासून मगच संच ठरवावा. विश्वस्त मंडळाचा ठराव हवा, आणि जागा कोणाच्या नावे आहे हे पाहायला हवे. अनेक विहार अजून कोणाच्या तरी आजोबांच्या नावच्या जागेवर उभे आहेत. तिथेही तेच, जे ताईंच्या घरी झाले.

शेवटी, नगरपरिषदेला द्यायच्या पत्राचा मसुदा देतो. ही परवानगीची मागणी नाही, कळवणे आहे, म्हणून शब्द तसेच ठेवावेत.

"मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद, यांस. विषय : घराच्या गच्चीवर सौर संच बसविण्याबाबत माहिती देणे. महोदय, मी अमुक ठिकाणी, अमुक मालमत्ता क्रमांकाच्या घरात राहतो/राहते. सदर घराच्या गच्चीवर अमुक किलोवॅटचा सौर संच बसवीत आहे. पाट्यांच्या पायाची गच्चीपासून उंची १.८ मीटरच्या आत असून परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मजबुतीबाबतचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०२० मधील तरतुदीनुसार या कामास बांधकाम परवानगी आवश्यक नाही. आपले म्हणणे वेगळे असल्यास संबंधित नियमाच्या क्रमांकासह लेखी कळवावे."

दोन प्रती कराव्यात, एक आवक विभागात द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती वीजबिलांच्या फायलीत ठेवावी. ज्यांचे वीजबिल अजून वाडवडिलांच्या नावावर आहे त्यांनी आधी नाव बदलण्याचा अर्ज करावा. त्यासाठी कोणते कागद लागतात, आणि बाहेरगावी गेलेल्या भावाची संमती कशी मिळवायची, हे पुढील अंकी.